भात, मीठ आणि नियंत्रित गट : आहाराने बीपी उतरतं हे आपल्याला कसं कळलं?

'मीठ कमी करा, वजन उतरवा, रोज अर्धा तास चाला.' बीपी वाढलं की हा सल्ला दवाखान्यात मिळतो, शेजारच्या काकूंकडून मिळतो, व्हॉट्सॲपवरही मिळतो. तो इतका ओळखीचा झालाय की हे कुणी, कधी आणि कसं सिद्ध केलं, असा प्रश्न आपल्याला पडतच नाही. या लेखात तोच प्रश्न घेऊ.

तुम्ही पेट किंवा नेट देत असाल, सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर 'संशोधन आराखडा' या प्रकरणाशी तुमची गाठ पडलेली असणारच. पुस्तकात आराखड्यांचे प्रकार असतात, व्याख्या असतात, आपण ते पाठ करतो. पण एकाच विषयावर काम करताना आराखडे का बदलत गेले, हे तिथे सहसा सापडत नाही. बीपी आणि आहाराचा इतिहास हे समजून घ्यायला फार उपयोगी आहे. 'आहाराने रक्तदाब कमी होतो' हे विधान वरवर एकच दिसतं. प्रत्यक्षात त्यात चार प्रश्न दडलेले निघाले. हा उपाय चालतो का? त्यातला नेमका कोणता भाग चालतो? सगळं मिळून किती चालतं? आणि लोकांच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरात चालतं का? प्रत्येक प्रश्नाला वेगळा आराखडा लागला, आणि सगळं मिळून साठेक वर्षं गेली.

मोजता येत होतं, उतरवता येत नव्हतं

इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची पद्धत दिली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे कसे घ्यायचे ते दाखवलं. म्हणजे मोजमाप आलं. पण वाढलेल्या आकड्याचं करायचं काय, यावर एकमत नव्हतं. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला शरीरच दाब वाढवतं, तेव्हा तो उतरवू नये, असं मानणारे मोठमोठे डॉक्टर १९३० च्या दशकात होते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं उदाहरण बघा. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रूएन यांनी त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता. उपाय काय? हृदयासाठी डिजिटॅलिस, विश्रांती, सिगारेट कमी आणि आहारात मीठ कमी. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य माणसासाठीही डॉक्टरांच्या हातात याहून फारसं काही नव्हतं. ज्यांचा रक्तदाब फारच भडकलेला असे, त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होत, मूत्रपिंडं निकामी होत, आणि बरेचसे रुग्ण वर्ष-दोन वर्षांत दगावत. काही सर्जन पाठीच्या कण्यालगतच्या नसा कापायची मोठी शस्त्रक्रिया करत.

केंपनर यांचा भात

वॉल्टर केंपनर हे जर्मनीतून आलेले डॉक्टर. बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत पेशींच्या चयापचयावर काम केलेले. नाझी राजवटीत जर्मनी सोडून १९३४ मध्ये ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात आले. मूत्रपिंडावरचं प्रथिनांचं ओझं कमी केलं तर आजारी मूत्रपिंडाला उसंत मिळेल, असं त्यांचं गृहीतक होतं. त्यातून १९३९ मध्ये त्यांनी एक आहार सुरू केला : पांढरा भात, फळं, फळांचा रस आणि साखर. बस्स. दिवसाला साधारण २००० कॅलरी, २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, स्निग्ध पदार्थ जवळपास नाहीतच, आणि सोडियम फक्त १५० मिलिग्रॅम.

हा आकडा आपल्या मापात बघू. एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मिठात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम असतं. केंपनर यांचा रुग्ण दिवसभरात चमच्याच्या तेराव्या भागाइतकं मीठ खात होता, तेही अन्नात नैसर्गिकरीत्या असलेलं. आपला मऊ भात निदान चिमूटभर मीठ आणि तूप घालून तरी येतो. यात तेही नाही.

असं सांगतात की १९४२ मध्ये एका शेतकरी कुटुंबातल्या रुग्ण बाईंना केंपनर यांनी दोन आठवड्यांनी परत यायला सांगितलं होतं. त्यांच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीमुळे बाईंनी 'दोन महिने' असं ऐकलं आणि तेवढे दिवस इमानेइतबारे भात-फळांवर काढले. परत आल्या तेव्हा रक्तदाब १९०/१२० वरून १२४/८४ वर आलेला, डोळ्यांतले रक्तस्राव भरून आलेले आणि वाढलेलं हृदय लहान झालेलं. त्यानंतर केंपनर यांनी जास्त काळ आहार द्यायला सुरुवात केली. १९४८ मध्ये त्यांनी ५०० रुग्णांचा अहवाल छापला. निम्म्याहून जास्त जणांचा रक्तदाब ठळकपणे उतरला होता. सोबत छातीचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या पडद्याचे फोटो होते, आधीचे आणि नंतरचे.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा आणि हा प्रबंध तुमच्यासमोर आलाय. पहिला प्रश्न कोणता विचाराल?

'नियंत्रित गट कुठे आहे?' बरोबर. त्यांच्याकडे तो नव्हता. उपाय माहीत असताना अर्ध्या रुग्णांना तो नाकारणं त्यांना पटत नव्हतं. आक्षेप योग्यच आहे. रक्तदाब दिवसभरात वर-खाली होतो. तो सर्वांत जास्त असताना माणूस डॉक्टरकडे येतो, पुढच्या खेपेला काही न करताही थोडा कमी भरतो. शिवाय दवाखान्यात राहून विश्रांती मिळाली की आणखी उतरतो.

पण इथे जरा थांबा. 'नियंत्रित गट नाही, म्हणून पुरावा शून्य' असं लिहून मोकळं होऊ नका. आजार आपोआप बरा होतच नाही, डोळ्यातले बिघाड सहसा मागे फिरत नाहीत, असं आधीच माहीत असेल तर 'आधी-नंतर'च्या फोटोंनाही वजन असतं. मरणाच्या दारातल्या रुग्णांपुरतं केंपनर यांचं म्हणणं बळकट होतं. सौम्य बीपी असलेल्यांच्या बाबतीत तोच पुरावा लंगडा पडतो. म्हणजे पुराव्याची ताकद आराखड्यावर अवलंबून असते तशी ती आपण विधान कुणाबद्दल करतोय यावरही असते.

आणखी एक गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. १९९३ मध्ये एका माजी रुग्ण स्त्रीने केंपनर यांच्यावर दावा लावला. पथ्य मोडणाऱ्या काही रुग्णांना आपण चाबकाने मारलं होतं, हे त्या प्रकरणात केंपनर यांनी कबूल केलं. हे गैर होतंच. संशोधनाच्या दृष्टीनेही त्याने एक प्रश्न उभा राहतो : डॉक्टरच्या धाकाखाली मिळालेला निकाल इतरत्र कसा मिळणार?

भातातलं नेमकं काय?

हा आहार एकाच वेळी पाच गोष्टी बदलत होता. मीठ कमी, प्रथिनं कमी, चरबी कमी, फळांमुळे पोटॅशियम जास्त, आणि बहुतेकांचं वजनही उतरत होतं. एका स्वाश्रयी चलाच्या जागी पाच चलं. मग परिणाम नेमका कुणाचा?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल, लुईस डाल आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास हे कोडं हाती घेतलं. रुग्ण मोजकेच होते, पण त्यांना दवाखान्यात ठेवून आहारातला एकेक घटक बदलून बघितला. प्रथिनं वाढवली, मीठ कमीच ठेवलं, तर फायदा टिकला. मीठ परत दिलं तर रक्तदाब परत चढला. म्हणजे केंपनर यांचा आहार लागू पडत होता, पण त्यांचं प्रथिनांचं स्पष्टीकरण टिकलं नाही. निकाल खरा आणि कारण वेगळं, असं घडू शकतं. व्हायवात 'तुमचं गृहीतक सिद्ध झालं का?' असं विचारतात तेव्हा हा फरक लक्षात असू द्या.

पुढे डाल यांनी १९६० मध्ये एक आलेख मांडला, जो अनेक वर्षं चर्चेत राहिला. पाच समाज, पाच ठिपके. एका टोकाला अलास्कातले एस्किमो, मग मार्शल बेटांवरचे लोक, अमेरिकन, दक्षिण जपान, आणि दुसऱ्या टोकाला उत्तर जपान, जिथे माणशी दिवसाला सुमारे २६ ग्रॅम मीठ खाल्लं जाई. मीठ जितकं जास्त तितके उच्च रक्तदाबाचे रुग्ण जास्त. पाचही ठिपके जवळजवळ एका रेषेत.

रेष छान दिसते, पण तिच्यात फट आहे. उत्तर जपान आणि अलास्का यांच्यात फक्त मिठाचा फरक आहे का? हवामान, वजन, काम, दारू, आयुर्मान, सगळंच वेगळं. समाजांच्या सरासऱ्यांमधला सहसंबंध व्यक्तीला लागू होईलच असं नाही.

ही फट बुजवायला १९८८ मध्ये 'इंटरसॉल्ट' हा अभ्यास छापला गेला. ३२ देश, ५२ केंद्रं, १०,०७९ माणसं, सगळीकडे एकच पद्धत, चोवीस तासांची लघवी गोळा करून सोडियम मोजलेलं. भारतातून नवी दिल्ली आणि लडाख ही केंद्रं होती. केंद्राच्या आत व्यक्तीव्यक्तींमध्ये मीठ आणि रक्तदाबाचा संबंध दिसला. पण केंद्राकेंद्रांची तुलना केली तेव्हा चार केंद्रांवर सगळं फिरत होतं : ब्राझीलमधले यानोमामी आणि शिंगू, शिवाय पापुआ न्यू गिनी आणि केनिया. तिथलं मीठ फारच कमी. ती चार बाजूला काढली की उरलेल्या ४८ केंद्रांमध्ये मधला रक्तदाब आणि मीठ यांचा संबंध उरत नव्हता. वयाबरोबर रक्तदाब किती चढतो याचा आणि मिठाचा संबंध मात्र उरत होता. यावर बरीच वर्षं वाद चालला. वजन आणि दारू यांचा रक्तदाबाशी स्वतंत्र संबंधही याच अभ्यासात ठळक दिसला.

गोळी आली आणि पट्टी वर गेली

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १९५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइड ही गोळी बाजारात आली. ती लघवीवाटे मीठ बाहेर टाकते. भात आणि फळांवर महिनेच्या महिने काढण्यापेक्षा रोज गोळी घेणं कुणालाही सोपं. आहार मागे पडला.

गोळीने आणखी एक बदल केला, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत यादृच्छिक चाचणी झाली. १९६७ मध्ये छापलेल्या पहिल्या भागात खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट, एकाला खरी औषधं, दुसऱ्याला दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. दुसऱ्या गटात २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, औषधाच्या गटात फक्त २ जणांना. रक्तदाब उतरवावा की नाही, हा जुना वाद अशा रुग्णांपुरता इथे संपला.

पण यानंतर 'पुरावा' म्हणजे काय, याची पट्टीच वर गेली. आहारालाही आता याच पट्टीवर उभं राहावं लागणार होतं. आणि आहाराची अडचण तुम्हाला कळलीच असेल : औषधासारखी दिसणारी खोटी गोळी बनवता येते, खोटी भाकरी कशी बनवणार?

एकेक धागा वेगळा करताना

तरी लोक मागे लागले. वजन उतरलं की माणूस एकूणच कमी खातो, म्हणजे मीठही कमी खातो. मग फायदा वजनाचा की मिठाचा? इस्राएलमध्ये एफ्राइम राइसिन आणि सहकाऱ्यांनी मिठावर बंधन न घालता वजन उतरवून बघितलं. १९७८ मध्ये त्यांनी दाखवलं की तरीही रक्तदाब उतरतो. व्यायामाचंही तसंच. २००२ मध्ये ५४ यादृच्छिक चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा : चालणं, धावणं, सायकल अशा व्यायामाने वरचा रक्तदाब सरासरी ३.८ मिमी उतरतो, आणि वजन उतरलं नाही तरी फायदा दिसतो.

मग १९९२ मध्ये 'टीओएचपी' या चाचणीच्या पहिल्या टप्प्याचा निकाल आला. बीपी सीमेवर असलेली २१८२ माणसं, सात उपाय. वजन उतरवणाऱ्यांचं वजन ३.९ किलो घटलं आणि वरचा रक्तदाब २.९ मिमी उतरला. मीठ कमी करणाऱ्यांचा १.७ मिमी. ताण कमी करायचं प्रशिक्षण, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या यांचा मात्र दखल घ्यावा असा परिणाम दिसला नाही.

इथे कोडं पडलं. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांचा रक्तदाब कमी असतो, हे निरीक्षणांत वारंवार दिसत होतं. पण फळं-भाज्यांतले घटक वेगळे काढून गोळीत भरले की काहीच होत नव्हतं.

परत अख्ख्या ताटाकडे

'डॅश' चाचणी आखणाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला. घटक सोडा, अख्खं ताट तपासू. हा केंपनर यांच्याच वाटेवरचा प्रश्न होता, आराखडा मात्र पूर्ण वेगळा. आणि योगायोग असा की चार केंद्रांपैकी एक ड्यूक विद्यापीठातच होतं.

४५९ माणसं. आधी तीन आठवडे सगळ्यांना नेहमीचं अमेरिकन जेवण. मग यादृच्छिक पद्धतीने तीन गट, आठ आठवडे. पहिल्याला तेच जेवण, दुसऱ्याला फळं-भाज्या वाढवून, तिसऱ्याला फळं-भाज्या, कमी चरबीचं दूध-दही, अख्खी धान्यं आणि शेंगदाणे-बदामासारखे पदार्थ, मटण-गोड कमी. सगळं अन्न केंद्रानेच शिजवून दिलेलं. आणि खुबी इथे आहे : तिन्ही गटांत सोडियम सारखंच, दिवसाला सुमारे ३ ग्रॅम, आणि कुणाचं वजन बदललं की कॅलरी कमी-जास्त करून ते जागेवर आणायचे. म्हणजे मीठ आणि वजन हे दोन मोठे घटक आराखड्यानेच बंद करून टाकले.

एप्रिल १९९७ मध्ये निकाल छापला. तिसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब पहिल्यापेक्षा ५.५ मिमी जास्त उतरला. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता त्यांच्यात ११.४ मिमी. फक्त फळं-भाज्यांच्या गटात २.८. परिणाम दोन आठवड्यांतच दिसला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंपनर वारले.

मग मीठ? तो प्रश्न २००१ मध्ये ४१२ जणांवर तपासला. दोन्ही प्रकारचं जेवण, मिठाच्या तीन पातळ्या. दोन्ही उपाय एकत्र केल्यावर उच्च रक्तदाब असलेल्यांत वरचा आकडा ११.५ मिमी उतरला. तोपर्यंत एका गोळीकडून डॉक्टर अपेक्षा ठेवत त्याच्या जवळपासचा हा परिणाम.

आणि घरी?

इतकं झाल्यावर काम संपलं असं वाटेल. पण डॅशमध्ये जेवण शिजवून हातात मिळत होतं. २००३ च्या 'प्रीमियर' चाचणीत ८१० माणसांना सल्ला आणि गटचर्चा दिली, जेवण ज्याने त्याने आपलं आपण करायचं. वजन, मीठ आणि व्यायाम यांवर काम करणाऱ्या गटात, नुसता सल्ला एकदा ऐकलेल्यांपेक्षा, वरचा रक्तदाब ३.७ मिमी जास्त उतरला. त्यात डॅशचा आहार जोडला तर ४.३. दोन्हींत फार फरक नाही. टीओएचपीच्या दुसऱ्या टप्प्यात वजन उतरवणाऱ्यांना ६ महिन्यांनी ३.७ मिमीचा फायदा होता, ३६ महिन्यांनी १.३ चा उरला. शरीराने दगा दिला नव्हता, वजन परत चढलं होतं.

इथून प्रश्नाचं आणखी एक वळण येतं. माणसाची सवय बदलणं अवघड असेल तर मीठच बदललं तर? चीनमध्ये ६०० गावांत, २०,९९५ माणसांवर, साध्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ देऊन बघितलं. २०२१ मध्ये निकाल आला : पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. तिथे बरंचसं मीठ घरच्या स्वयंपाकातच पडतं, जसं आपल्याकडे भाजी-आमटीत, लोणच्यात, पापडात. म्हणून हा अभ्यास आपल्यासाठी वाचण्यासारखा आहे. आणखी एक बाब बघा : इथे मोजला तो नुसता पाऱ्याचा आकडा नाही, तर पक्षाघात. डॅशने ते मोजलं नव्हतं. (असं मीठ मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि काही औषधं घेणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं, आणि हा लेख वाचून घरातल्या कुणाची बीपीची गोळी बंद करू नका. दोन्ही बाबतींत डॉक्टरांना विचारूनच.)

तुमच्या सिनॉप्सिससाठी

गाइडकडे जाण्याआधी आपल्या विषयाचं मुख्य विधान एका ओळीत लिहा आणि त्याखाली हे चार प्रश्न उतरवा.

१. मला परिणाम होतो का हे बघायचंय, की कोणत्या भागामुळे होतो हे? पहिल्यासाठी अख्खा उपाय चालतो. दुसऱ्यासाठी घटक वेगळे करावे लागतात.

२. माझ्या उपायाबरोबर आपोआप आणखी काय बदलतंय? केंपनर यांच्याकडे अशा पाच गोष्टी होत्या. डॅशने त्यातल्या दोन आराखड्यातच बंद केल्या. तुम्ही कोणत्या बंद करू शकता, आणि ज्या करू शकत नाही त्या मर्यादांमध्ये लिहिल्यात का?

३. माझी आकडेवारी समाजाची आहे की व्यक्तीची? जिल्ह्यांची सरासरी हातात असताना निष्कर्ष विद्यार्थ्याबद्दल किंवा शेतकऱ्याबद्दल काढत असाल, तर डाल यांचे पाच ठिपके आठवा. आणि चार टोकाची केंद्रं काढल्यावर निकाल टिकतो का, तेही एकदा करून बघा.

४. मी ज्या परिस्थितीत मोजतोय, ती निकाल जिथे वापरला जाईल त्या परिस्थितीसारखी आहे का? तासभराच्या कार्यशाळेनंतर लगेच घेतलेली चाचणी आणि सहा महिन्यांनंतरची चाचणी यांत टीओएचपीसारखाच फरक पडू शकतो.

आरआरसीसमोर 'हा आराखडा का निवडला?' असं विचारलं की बहुतेक जण आराखड्याची व्याख्या सांगतात. तुम्ही तुमचा प्रश्न सांगा, वरच्या चारपैकी तो कोणत्या जातीचा आहे ते सांगा, आणि बाकीच्या तिघांचं उत्तर तुमच्या अभ्यासातून मिळणार नाही हेही स्वतःहून सांगा. समितीचा पुढचा प्रश्न बहुधा त्यावरच असतो.